पोरांना सैनिकी शाळेच्या उन्हाळी कॅम्पला पाठवताय? सोलापूरच्या पालकांचे आणि पोरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या मे महिन्यात आमची लेक नाशिककडच्या एका सैनिकी शाळेच्या उन्हाळी कॅम्पला जाऊन आली, तेव्हा तिची नववी नुकतीच संपली होती आणि वय पंधरा. माझं अशोक चौकाकडं शाळेचे युनिफॉर्म शिवायचं छोटं युनिट आहे, त्यामुळं सर लोक, पालक, पोरं अशी सगळ्यांची ये-जा असते, आणि तेव्हापासून जो तो तेच प्रश्न विचारायलाय. प्रत्येकाला फोनवर तेच सांगायचं म्हणजे निम्मं राहून जातं, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. मी फौजी नाही, डॉक्टर नाही. आम्ही दोन महिने जी तयारी केली, जिथं चुकलो आणि जिथं बरोबर निघालो ते लिहितोय.

हा कॅम्प म्हणजे नक्की काय असतंय? पिकनिक का मिलिटरी?

दोन्ही नाही. शाळेच्या सुट्टीत सैनिकी शाळांची मैदानं, हॉस्टेल, इन्स्ट्रक्टर मोकळे असतात, तेव्हा त्या बाहेरच्या पोरांसाठी काही दिवसांचा निवासी कॅम्प ठेवतात. लेकीच्या कॅम्पात पहाटे पाचला शिट्टी, मग पीटी, आंघोळ, नाष्टा, ड्रिल, दुपारी वर्गात नकाशा वाचन, प्रथमोपचार असलं काहीतरी, ऊन उतरलं की अडथळ्यांचा कोर्स, दोरावर चढणं, एअर रायफलनं नेमबाजी, आणि रात्री रोल कॉल होऊन दिवे बंद. शिकवणारे बहुतेक निवृत्त सुभेदार, हवालदार. ओरडतात, पण कुठल्या पोराच्या पायाला फोड आलाय ते त्यांना बरोबर माहीत असतंय. प्रत्येक शाळेचा कार्यक्रम वेगळा, त्यामुळं तुम्ही ज्या कॅम्पला जाणार त्याचं पत्रक आधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आम्ही ते नीट वाचलं नाही आणि पांढरे कॅनव्हास बूट लागतात हे निघायच्या आदल्या दिवशी कळलं.

कॅम्प केला की एनडीएत डायरेक्ट नंबर लागतो का?

नाही. हे सगळ्यात जास्त विचारलं जातंय म्हणून स्पष्ट लिहितो, कुठल्याही उन्हाळी कॅम्पच्या सर्टिफिकेटला एनडीएच्या, म्हणजे सैन्याचे अधिकारी घडवणाऱ्या खडकवासल्याच्या नॅशनल डिफेन्स अकॅडमीच्या, निवडीत एक मार्क नाही. खडकवासल्याला जायचा रस्ता एकच आहे, वर्षातून दोनदा होणारी यूपीएससीची परीक्षा. गणिताचा पेपर ३०० मार्कांचा, जनरल अॅबिलिटीचा ६०० चा, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश मार्क कापतात. ती पास झाली की पाच दिवसांची एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची मुलाखत आणि चाचण्या, ती ९०० मार्कांची, आणि मग मेडिकल. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, बारावीला बसलेलं पोरगंही फॉर्म भरू शकतं, पण नेव्ही आणि एअरफोर्सला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स पाहिजेच. म्हणजे दहावीनंतर आर्ट्स का सायन्स ठरवताना हे डोक्यात ठेवा, नंतर हळहळून उपयोग नाही.

राज्य सरकारची एसपीआय, म्हणजे सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट, छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे, तिथं दहावीनंतर मुलांना घेऊन अकरावी-बारावीबरोबर एनडीएची तयारी करून घेतात. आता मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला सुरू झालीय. आणि पोरगं लहान असेल तर साताऱ्याची सैनिक स्कूल, १९६१ ची, देशातल्या पहिल्या सैनिक स्कूलपैकी, तिथं सहावीला आणि नववीला प्रवेश परीक्षा असते.

मग कॅम्पचा उपयोग काय? माझ्या मते एकच, आणि तो फार मोठा आहे. पोराला स्वतःला कळतं की हे आयुष्य आपल्याला आवडतंय का नाही. शेजारचा दादा फौजेत आहे, रील्समध्ये युनिफॉर्म भारी दिसतोय, यावरून ते कळत नाही. पहाटे पाचला अनोळखी हॉस्टेलमध्ये उठून स्वतःची चादर घडी करताना कळतं. त्यामुळं तयारी करायची ती पण याचीच करा, पुशअप त्याच्यानंतर येतात.

तयारीला किती दिवस लागतात?

आठ आठवडे धरा. मे मध्ये कॅम्प असेल तर मार्चच्या सुरुवातीला चालू, परीक्षा असली तरी सकाळचा अर्धा तास निघतो. चार आठवडे राहिले असतील तरी चालेल, फक्त मग एकदम जोर लावू नका, आहे त्याच्यात हळूहळू वाढवा. पंधरा दिवस राहिलेत म्हणून रोज पाच किलोमीटर पळवणारे पालक मी बघितलेत, ती पोरं कॅम्पला लंगडत जातात.

सोलापूरच्या उन्हात पळायचं कसं? एप्रिलमध्ये तर जीव जातोय.

हा खरा प्रश्न, आणि याचं उत्तर जरा मोठं आहे. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर असतोच, बेचाळीस-त्रेचाळीस म्हणजे बातमी पण होत नाही. त्यामुळं पहिला नियम, पळणं सकाळी साडेसहाच्या आत संपलं पाहिजे. आम्ही विजापूर रोडला संभाजी तलावाच्या बाजूला सव्वापाचला पोचायचो, काही जण होम मैदानावर जातात, तिथं त्या वेळेला चालणारी माणसं भरपूर असतात त्यामुळं मुलींना एकटं वाटत नाही. संध्याकाळी सहाला पळू नका, डांबर दिवसभर तापलेलं असतंय आणि खालून वाफ मारतंय.

दुसरं, शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. दिवसभर एसीत किंवा कूलरपुढं बसून राहिलेलं पोरगं एकदम कॅम्पच्या मैदानावर उभं केलं तर चक्कर येणारच. म्हणून कॅम्पच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यात आम्ही काय केलं, तर सकाळी साडेसात-आठच्या कोवळ्यापेक्षा जरा कडक उन्हात तिला वीस मिनिटं नुसतं चालायला लावलं, टोपी घालून, पाणी बरोबर घेऊन. दुपारी बारा ते चार कधीच नाही, त्या वेळेला आपल्याकडची शहाणी माणसं पण दुकानाचं शटर अर्धं ओढून बसतात ते उगीच नाही.

तिसरं पाणी. तहान लागल्यावर गटागटा प्यायचं नाही, दिवसभर थोडं थोडं. लघवीचा रंग गडद पिवळा असेल तर पाणी कमी पडलंय, हे लेकीला तिच्या पीटीच्या मॅडमनी सांगितलेलं आणि ते आजही आमच्या घरात सगळे बघतात. घाम खूप गेला तर ओआरएस, मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात घट्ट करून नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. पन्हं, ताक, सोलकढी चालतंय, कोल्ड्रिंक नको.

आणि हे नीट वाचा. पोटऱ्या आखडल्या, मळमळलं, डोकं दुखलं, की तिथंच थांबायचं, सावलीत बसायचं, पाणी. पण पोरगं असंबद्ध बोलायला लागलं, ओळखेना, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात आहे, त्यात थांबून बघू असं करायचं नाही, अंगावर पाणी ओतत, वारा घालत सरळ दवाखाना. पोरांना हे सांगून ठेवा की त्रास होतोय म्हणून हात वर करणं हा कमीपणा नाही. जिद्दी पोरं नेमकी हेच लपवतात.

पळायचा प्लॅन काय ठेवला होता?

टार्गेट म्हणून आम्ही एनडीएचंच माप घेतलं. निवड झालेल्या पोरांना रुजू होण्याआधी जी तयारी करून या म्हणतात त्यात २.४ किलोमीटर १५ मिनिटांत पळणं आहे, शिवाय पुशअप आणि सिटअप किमान वीस-वीस, चिनअप आठ, आणि तीन-चार मीटर दोरावर चढणं. नववीच्या पोरीनं हे सगळं करावं अशी कोणाचीच अपेक्षा नाही, पण दिशा कळते. चारशे मीटरच्या ट्रॅकवर २.४ म्हणजे बरोबर सहा राउंड, म्हणजे एका राउंडला अडीच मिनिटं.

पहिले दोन आठवडे एक मिनिट पळायचं दोन मिनिटं चालायचं, असं वीस मिनिटं, आठवड्यातून चार दिवस. मग दोन मिनिटं पळणं एक मिनिट चालणं. पाचव्या आठवड्यापासून न थांबता हळू पळणं, इतकं हळू की शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. स्पीड शेवटच्या दोन आठवड्यात, तोही आठवड्यातून एकदाच. लेकीला पहिल्यांदा २.४ ला १९ मिनिटं ४० सेकंद लागले होते, मध्ये दोनदा चालली होती. कॅम्पच्या चार दिवस आधी १४ मिनिटं २० सेकंद. शेवटच्या राउंडला मी घड्याळ घेऊन उभा होतो आणि मला आकडा नीट दिसेना, डोळ्यात पाणी आलेलं.

नडगीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं तर चार-पाच दिवस पळणं बंद करून सायकल किंवा पोहणं करा, आणि परत सुरू करताना डांबर सोडून मातीवर पळा. दुखतंय तरी पळ म्हणणाऱ्या काकांचं ऐकू नका.

माझ्याच्याने एक पण पुशअप होत नाही, पोरं हसतील. (आठवी, जुळे सोलापूर)

बाळा, कोणी हसत नाही, अर्ध्या पोरांची तीच अवस्था असते. आधी भिंतीला हात टेकून कर, पंधरा जमले की पलंगाच्या कडेवर हात ठेवून, मग गुडघे टेकून जमिनीवर, मग पूर्ण. एक दिवसाआड कर, रोज नको. चिनअपचं तसंच, आधी बारला नुसतं लटकून दहा सेकंद, मग वीस, मग तीस. आपल्या महापालिकेच्या बागांमध्ये ओपन जिम लावलेत तिथं बार असतोय. पाठीचा पोक येऊ देऊ नको, वाकडे वीस करण्यापेक्षा सरळ पाच कर, इन्स्ट्रक्टर वाकडा मोजतच नाहीत.

बूट कुठले घ्यायचे?

नवीन बूट घालून कॅम्पला पाठवू नका, हे मी हात जोडून सांगतो. लेकीच्या बॅचमध्ये पहिल्या तीन दिवसांत जी पोरं बाजूला बसली त्यातली बहुतेक ताप-बीप नाही, पायाच्या फोडांनी. बूट संध्याकाळी घ्यायला जा कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो, जाड सॉक्स घालून बघा, पुढं अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे. घेतल्यावर किमान तीन आठवडे रोज वापरा. ड्रिलचे काळे बूट लागणार असतील तर ते तर अजून आधी, घरात घालून फिरू दे, टाचेला घासतंय का बघा.

सॉक्स सहा जोड. ओला सॉक्स परत घालायचा नाही. फोड आला तर फोडायचा नाही, वरची कातडी ओढायची तर मुळीच नाही, स्वच्छ धुऊन पट्टी लावायची आणि इन्स्ट्रक्टरला दाखवायचं. नखं सरळ कापायची, कोपरे खोल नाही.

मेडिकल सर्टिफिकेट तर कोणीपण देतंय, मग तपासणी कशाला?

सही मिळते म्हणून तपासणी टाळू नका. आमची लेक हट्टीकट्टी दिसायची, तरी पळताना तिसऱ्या राउंडला पांढरी पडायची. आम्हाला वाटलं सराव नाही म्हणून. डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं तर हिमोग्लोबिन १०.४, तिच्या वयाला बारा तरी पाहिजे. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, लिंबू-संत्र्याबरोबर घ्यायच्या आणि चहा त्याच्या आसपास नाही, कारण चहानं लोह अंगी लागत नाही. महिन्याभरात फरक दिसला, आणि मला आजही वाटतं की तिचे ते पाच मिनिटं सरावानं जेवढे कमी झाले तेवढेच त्या गोळ्यांनी. वयात आलेल्या मुलींचं रक्त तपासल्याशिवाय त्यांना पळवू नका. गोळ्या मनानं सुरू करू नका, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच.

बाकी दम्याचा त्रास असेल, फिट येत असेल, कसली अॅलर्जी असेल, फॉर्मवर खरं लिहा. कॅम्पवाले काढून टाकतील या भीतीनं लपवतात आणि मग मैदानावर पोराकडं पंप नसतो. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का बघा. चष्मा असेल तर जास्तीचा एक, आणि मागं बांधायची दोरी.

पाळी आली तर? मुलीला पाठवायचंच नाही का तेव्हा?

हे उत्तर बायकोनं सांगितलंय, मी फक्त टाइप करतोय. पाठवायचं. तारीख आसपास असेल तर पॅड्स लागतात त्याच्या दुप्पट द्या, प्रवासानं आणि ताणानं तारीख मागं-पुढं होते. पुढं ढकलायच्या गोळ्या दुकानातून आणून देऊ नका. गडद रंगाची ट्रॅक पँट, जास्तीचे आतले कपडे, जुने पेपर आणि पिशव्या. पोट खूप दुखलं तर लेडी वॉर्डनला सांगायचं, सरांना सांगायला लाजत असेल तरी मॅडम असतातच, आणि त्या कोण आहेत हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवायचं. पाळीत हलकं पळणं चालतं, कितीतरी जणींना त्यानं बरंच वाटतं. आईनं हे मुलीशी आधी मोकळं बोललं पाहिजे, कॅम्पला सोडताना गेटवर नाही.

खायला काय द्यायचं, प्रोटीन पावडर घेऊ का?

नका घेऊ. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, अंडी खात असाल तर अंडी, दूध, केळी, आणि आपली शेंगाची चटणी, शेंगदाण्यात प्रोटीन भरपूर आहे. पळायच्या आधी अर्धं केळ किंवा दोन खजूर, आल्यावर तासाभरात नीट नाष्टा. तयारीच्या काळात खरं काम वेगळंच आहे, पोराला नावडती भाजी खायची सवय लावा. मेसमध्ये दुधी असला तर दुधीच, आणि न खाल्लेलं पोरगं दुसऱ्या दिवशी पीटीत कोसळतंय. कडक भाकरी आणि चटणीचा डबा द्यावासा वाटणारच, मलाही वाटला, पण बाहेरचं खाणं चालतंय का ते पत्रकात बघा, लेकीच्या कॅम्पात गेटवरच ठेवून घेतलं होतं.

सकाळी उठतच नाही हो, काय करायचं?

रात्री झोपतच नाही हे त्याचं कारण. आम्ही तीन गोष्टी केल्या, रात्री साडेनऊला फोन आमच्या खोलीत, अलार्मचं साधं घड्याळ तिच्या टेबलावर, आणि तिला उठवायला जायचं नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा झोपून राहिली आणि तलावावर मी एकटाच जाऊन आलो. तिसऱ्यांदा ती माझ्या आधी तयार. कॅम्पला फोन जमा करून घेतात, त्यामुळं संध्याकाळी सातनंतर फोनशिवाय राहायची सवय महिनाभर आधीपासून असली तर तिथं हात शिवशिवत नाहीत.

त्याचबरोबर ही कामं तिची तिनं करायची असं ठरवलं: स्वतःचे कपडे हातानं धुणं, इस्त्री, बूट पॉलिश, बटण लावणं, चादर घडी, ताट धुणं. आणि एका बादलीत आंघोळ, ते मात्र सोलापूरच्या पोरांना शिकवावं लागत नाही, नळाला चार-पाच दिवसाआड पाणी येणाऱ्या घरातलं पोरगं पाणी जपूनच वापरतंय. लेक सांगत होती की मोठ्या शहरातल्या पोरी पहिल्या दिवशी शॉवर कुठंय विचारत होत्या आणि हिची आंघोळ होऊन कपडे पण वाळत घालून झाले होते.

बॅगेत काय काय?

कपड्यांचं माझं रोजचं काम आहे म्हणून थोडं सांगतो. पीटीचे टी-शर्ट कॉटन मिक्सचे घ्या, शंभर टक्के कॉटन घाम पिऊन जड होतं आणि वाळत नाही, शंभर टक्के पॉलिस्टर उन्हात चिकटतं. ट्रॅक पँट एक साइज मोठी, बसून-उठून गुडघ्यात ताणली नाही पाहिजे. खाकी ड्रेस लागत असेल तर टेरिकॉटचा, आणि शिवल्यावर दोनदा धुऊन मग पाठवा, नवीन कापडाची खळ काखेत आणि मांडीत घासते, त्यानं फार त्रास होतो. प्रत्येक कपड्यावर, टॉवेलवर, सॉक्सवर सुद्धा नाव, मार्करनं लिहिलं तर धुण्यात जातंय, धाग्यानं दोन अक्षरं काढा.

सोलापुरी चादर नक्की द्या, अंथरायला होते, पांघरायला होते, आणि धुतली की लवकर वाळते. टॉवेल पातळ द्या, आपले जाड टेरी टॉवेल छान असतात पण हॉस्टेलच्या दोरीवर दिवसभर ओले राहतात. कुलूप, दोन किल्ल्या, एक गळ्यात एक बॅगेत. दागिने, जास्तीचे पैसे नको.

आमच्या घरी तेलुगू बोलतात, पोरगं मराठी शाळेत, हिंदी-इंग्रजी कच्चं. जमेल का?

जमेल. पूर्व भागातली कितीतरी पोरं घरी तेलुगू, गल्लीत मराठी, दुकानात हिंदी असं तीन भाषांत वाढतात, काही घरांत कन्नड, हे तिथं वजा नाही, जमेचं आहे. ड्रिलच्या ऑर्डर हिंदीत असतात, सावधान, विश्राम, दाहिने मुड, बाएँ मुड, पीछे मुड, तेज चल, थम. घरात आरशापुढं पाठ करा. पहिल्या दिवशी डावं-उजवं सगळ्यांचंच चुकतं.

इंग्रजीसाठी रोज पाच वाक्यं मोठ्यानं बोलायची, बास. पण स्वतःची ओळख दोन मिनिटं न अडखळता देता आली पाहिजे, आणि त्यात गाव आलं की पुढचा प्रश्न गावावरच येतो. लेकीला विचारलं होतं, सोलापूरचं काय सांगशील? बहुतेक पोरं चादर आणि चटणीवर थांबतात. तिला मी आधी चार हुतात्मा चौकात नेऊन उभं केलं होतं. १९३० मध्ये इंग्रजांनी या शहरात मार्शल लॉ लावला आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे, १९३८ ला वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर उपचार करता करता १९४२ ला तिथंच गेले, वय फक्त बत्तीस. हे तिनं तिथं सांगितलं तेव्हा सुभेदार साहेबांनी सगळ्या प्लाटूनला परत ऐकवायला लावलं. आपल्या पोरांना हे माहीत नसणं मला खरंच लागतं.

मुलींना सैन्यात काय स्कोप? नातेवाईक नको म्हणायलेत.

आमच्याकडं पण म्हणत होते. त्यांना एवढंच सांगा की २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं मुलींना एनडीएची परीक्षा खुली झाली आणि ३० मे २०२५ ला मुलींची पहिली तुकडी, सतरा जणी, खडकवासल्याहून पास होऊन बाहेर पडली. सुरक्षिततेचं मात्र तुम्ही स्वतः बघा, मुलींचं हॉस्टेल वेगळं आहे का, रात्री लेडी वॉर्डन मुक्कामी असतात का, घरी फोन किती दिवसांनी, दवाखाना किती लांब. आधी जाऊन बघता आलं तर बघा. विचारल्यावर ज्यांना राग येतो तिथं पाठवू नका.

फोनवर एकानं सांगितलं सीट कमी आहेत, आत्ताच पैसे पाठवा...

पाठवू नका. आमचे दोन हजार असेच गेले. नाव शाळेचं सांगितलं, बोलणं गोड, क्यूआर कोड पाठवला, आणि नंतर शाळेत चौकशी केली तर असा कोणी माणूसच नाही. पैसे शाळेच्या स्वतःच्या वेबसाइटवरून किंवा ऑफिसमध्ये जाऊनच, पावती घेऊन. कॅम्पबरोबर एनडीएची गॅरंटी देणारा दिसला की तिथून उठा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, मी लाजेनं चार दिवस गप्प बसलो, तेच चुकलं.

तिसऱ्या दिवशी पोराचा फोन आला, रडतंय, न्यायला या म्हणतंय. काय करू?

आमच्याकडं दुसऱ्याच दिवशी आला. पप्पा मला इथं नाही राहायचं, एवढंच, आणि पुढं नुसतं हुंदके. मी तिथल्या तिथं मशीन बंद केलं, गाडीची किल्ली घेतली, रात्रभराचा प्रवास होता, कारागिरांना सांगितलं उद्या येत नाही. बायकोनं किल्ली हातातून घेतली आणि म्हणाली, तिला एक विचारा, कोणी मारलं का, कोणी नको तसं वागलं का, आजारी आहे का. यातलं एक जरी हो असेल तर मी पण येते. आम्ही वॉर्डन मॅडमना फोन करून परत तिच्याशी बोलायला मागितलं. तिन्हीला उत्तर नाही आलं. मग रडू कशाचं, तर रोल कॉलला तिची चादर नीट घडी नव्हती म्हणून सगळ्या खोलीला परत करायला लावली आणि पोरी तिच्याशी बोलेनात.

बायको म्हणाली, उद्या तू सगळ्यांच्या आधी उठ आणि शेजारच्या पोरीच्या चादरीची घडी तिच्याबरोबर घाल. बास. त्यानंतर तीन दिवस फोन नाही, ते तीन दिवस माझे कसे गेले मलाच माहीत. मग फोन आला तर म्हणे पप्पा नंतर बोलते, आमची मॅच आहे.

म्हणून सांगतो, ते तीन प्रश्न विचारा. एकाचंही उत्तर हो असेल, किंवा पोरगं उत्तर द्यायला घाबरत असेल, तर रात्र-दिवस न बघता निघा, लोक काय म्हणतील बघू नका. तसं नसेल तर ऐकून घ्या, घरी सगळं ठीक आहे सांगा, आजी रडतेय वगैरे सांगू नका, आणि दोन दिवस मागा. त्यानंतरही पोरगं नकोच म्हणत असेल तर घेऊन या. तेही उत्तरच आहे, त्यावरून वर्षभर टोमणे मारू नका.

कॅम्पची फी झेपत नाही. दुसरं काय?

शाळेत एनसीसी, म्हणजे शाळा-कॉलेजातल्या पोरांना सैनिकी शिक्षण देणारी नॅशनल कॅडेट कोअर, आहे का बघा, आठवी-नववीत मुलांना ज्युनिअर डिव्हिजन, मुलींना ज्युनिअर विंग घेता येते, 'ए' सर्टिफिकेट मिळतं, खर्च जवळपास नाही आणि कॅम्प पण होतात. पुढं कॉलेजात 'सी' सर्टिफिकेट केलं तर पदवीनंतर लेखी परीक्षेशिवाय एसएसबीला बसायची एक वेगळी एंट्री आहे, त्याचा उपयोग खरोखरचा आहे, कॅम्पच्या कागदासारखा नाही. एनसीसी नसेल तर स्काउट-गाइड. आणि वर लिहिलेली पळायची, उठायची, कपडे धुवायची तयारी फुकटच आहे, ती कॅम्प नसला तरी करा.

परत आल्यावर किती दिवस टिकतं हे सगळं?

चादरीची घडी साधारण दहा दिवस टिकली. पहाटेचं पळणं जूनमध्ये सुटलं, शाळा, क्लास, पाऊस. आम्ही काही बोललो नाही. दिवाळीनंतर एक दिवस तिनंच घड्याळ मागितलं. तिचा दहावीचा शेवटचा पेपर आता झालाय, नाशिकच्या मुलींच्या संस्थेच्या परीक्षेला बसायचं म्हणतेय, रात्री गणितं घेऊन बसते. शनिवारी-रविवारी सव्वापाचला ती आणि तिच्या दोन मैत्रिणी संभाजी तलावाजवळ पळायला असतात, मी घड्याळ घेऊन असतोच. या वर्षी कॅम्पला जाणाऱ्या पोरी असतील तर घेऊन या, बूट जुनेच घालून या आणि पाण्याची बाटली आपापली भरून आणा.